व्यसन : नाही

अतुलच्या हातातून चहाचा कप पडला, आणि तो पडला हे त्याला कळलंच नाही. कप स्टीलचा, त्यामुळे फुटायचा प्रश्न नव्हता. फरशीवर दोनदा उडून तो माझ्या पायाशी येऊन थांबला. अतुल तसाच बसून होता, बोटं कप धरल्यासारखी वाकवलेली, आणि ती रिकामी बोटं त्यानं सावकाश ओठांपर्यंत नेली. मग झोपेत पाय उडतो तसा त्याचा हात एकदम उडाला. "अतुल," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण फार उशिरा पाहिलं. "काय वो ताई?" "कप पडला." "कोनाचा?" त्यानं विचारलं. मी फडकं आणून चहा पुसला. नऊला औषधाचं दुकान उघडायचं होतं आणि पावणेनऊ इथंच झाले होते. त्याच्या सकाळच्या दोन गोळ्या मी त्याच्या जिभेवर ठेवल्या, पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, आणि गेली अकरा वर्षं रोज म्हणते तसं म्हणाले, "जीभ वर कर." त्यानं केली. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती ती ओढणीनं टिपली, दार नुसतं ओढून घेतलं आणि समोरच्या वच्छलाकाकूंना सांगितलं, "काकू, जरा पाहत राहजा, आज लय झोपेत आहे तो." काकू तांदूळ निवडत होत्या. "निजू दे ना बाई," त्या म्हणाल्या, "तो निजते तेवढाच तुले आराम." ते खरंच होतं, म्हणून मी त्याच्यावर आणखी विचार केला नाही आणि स्कूटी काढली.

बारा दिवस मला आराम होता. माणसाला आरामाची सवय किती पटकन लागते याची मला आता लाज वाटते. अतुल रात्री आठला झोपायचा तो सकाळी आठला उठायचा, जेवून पुन्हा झोपायचा. उशीला ओला डाग पडलेला असायचा, मी रोज खोळ बदलायची आणि मनात म्हणायची, झोपू दे, सतरा वर्षांची झोप बाकी आहे त्याची. बाविसाव्या वर्षी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना, भिंतीतून लोक बोलायला लागले तेव्हापासून तो धड झोपला नव्हता, आणि तो झोपला नाही म्हणून मीही नाही. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. भंडाऱ्याच्या एका शिक्षकाचं स्थळ येऊन बसलं होतं. पाहुणे पोहे खात असताना अतुल आतून बाहेर आला आणि त्यांना म्हणाला, तुम्ही हळू बोला, भिंतीतल्यांना ऐकू येत नाही. ते लोक हळूच बोलले, आणि हळूच निघूनही गेले. आता मी सेहेचाळीसची आहे. याचं दुःख मला फार दिवस झालं, मग व्हायचं थांबलं, आणि थांबलं कधी ते लक्षातही आलं नाही. उरला तो नुसता थकवा. सकाळी उठले की आधी पायात असतो, संध्याकाळपर्यंत डोळ्यांत चढतो.

बारा दिवसांपूर्वी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आमच्या वस्तीतल्या विहारात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि पहिल्या दिवशी जो तो काही ना काही सोडतो. कुणी मटण सोडतं, कुणी तंबाखूचा खर्रा, कुणी मोबाईलवरच्या मालिका. हे सोडणं बहुतेकांचं तीन महिन्यांपुरतं असतं, काहींचं तीन दिवसांपुरतं. अतुल विहारात जायचा तो बाहेरच्या पायरीवर बसायला. आत माणसं जास्त असली की त्याला घाम फुटतो. त्या दिवशी मात्र तो उठून आत गेला, भंतेजींसमोर बसला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "भंतेजी, नशा न कराच्या पाचव्या शीलात बिडी येते का नाई?" भंतेजी जरा हसले. "तुले सोडवत नसन तं येते," ते म्हणाले. अतुलनं शर्टाच्या खिशातला बिड्यांचा कट्टा काढून त्यांच्या पायाशी ठेवला, माचिससकट. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. घरी येताना तो म्हणाला, "ताई, संपलं." मी म्हटलं, बरं. दिवसाला चाळीस बिड्या ओढणारा माणूस. मला वाटलं, उद्या दुपारपर्यंत. पण दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. भिंतीला पाठ लावून, दात आवळून, घाम पुसत तो बसायचा आणि माझ्याकडे पाहून बोटं दाखवायचा, पाच, सहा, सात. सतरा वर्षांत त्यानं स्वतः होऊन केलेली ही एकच गोष्ट. मी विहारात जाऊन एक मेणबत्ती लावून आले, आणि मेणबत्ती लावताना मला रडू आलं.

बिडीचा मला राग आहे तो आजचा नाही. आई, सुमनबाई, आयुष्यभर बिड्या वळत गेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची कापलेली पानं, आणि दातात दोरा. बाबा, सेवकराम, मालधक्क्यावर हमाल होते ते मी सहावीत असताना गेले. त्यानंतर आमचं शिक्षण, माझा फार्मसीचा डिप्लोमा, सगळं त्या सुपातून आलं. मला ते माहीत होतं आणि तरी मला त्या सुपाची लाज वाटायची. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मुलगी एकदा नाक धरून म्हणाली, "तेरे दफ्तर से बीड़ी की बास आती है," आणि त्या दिवसापासून मी दप्तरात कापूर ठेवायला लागले. वळलेल्यातल्या ज्या बिड्या ठेकेदार छाटून टाकायचा, वाकड्या, सैल, त्या आई एका डब्यात ठेवायची. अतुल आजारी पडला तेव्हा त्या डब्यातल्या बिड्यांवरच लागला. आई म्हणायची, "ओढू दे वो, तेवढ्या वेळ गप तं राह्यते." चार वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या नखांचा पिवळा रंग शेवटपर्यंत गेला नाही, आणि तसाच रंग अतुलच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना होता.

नागपूरच्या डॉक्टर मॅडमकडे त्याला पहिल्यांदा नेलं त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधीची सगळी औषधं हरली होती, आता हे एकच औषध उरलं आहे, क्लोझापिन, दर महिन्याला रक्त तपासावं लागेल, असं त्यांनी समजावलं. मी फार्मासिस्ट आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. म्हणजे तुम्हाला सांगायला नको, त्या म्हणाल्या. मग फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, झोप, भूक. "व्यसन? सिगारेट, बिडी, काही?" मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते. त्या खोलीत कसलातरी छान वास येत होता. आणि मी म्हणाले, "नाही." अतुल त्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून ओढत होता. एकदा नाही म्हटलं की ते पुढं सांभाळावं लागतं. नागपूरला जायच्या आदल्या दिवशी मी लिंबू कापून त्याची बोटं घासायची, वर दगडानं घासायची, तो ओरडायचा, "ताई, सालटं निघून राहिलं!" गाडीत त्याला वेलदोडे चघळायला द्यायची. मॅडमनी गोळी तीनशेवर आणली, फरक नाही, चारशे, थोडा, पाचशे, शेवटी सहाशेला भिंतीतली माणसं गप्प झाली. एकदा त्यांनी चष्मा काढून विचारलं होतं, "अल्का, घरी गोळ्या नक्की पोटात जातात ना? एवढा डोस लागायला नको होता." मला इतका राग आला होता की परतीच्या गाडीत मी अतुलशीसुद्धा बोलले नाही. रोज जीभ वर करून पाहणारी मी, आणि मला विचारतात.

दुकानात पोचले तेव्हा मुन्नालालजींनी शटर वर केलं होतं. ते मालक, पण सकाळी अगरबत्ती लावण्यापुरतेच. "मॅडम, आप दस मिनट लेट, मैं दस साल बूढ़ा," ते म्हणाले, आणि गल्ल्यावर मला बसवून नाश्त्याला निघून गेले. मी काउंटरवर उभी राहिले. हे काम मी झोपेत करू शकते. चिठ्ठी वाचायची, मागे वळायचं, हात आपोआप त्या खणाकडे जातो. त्या बाईला बीपीची, त्या माणसाला साखरेची. गोळी घरी जाते, पोटात विरते, आतड्यातून रक्तात उतरते. लोकांना वाटतं तिथून ती थेट दुखतं तिथं जाते, गुडघ्याची गुडघ्यात, डोक्याची डोक्यात. तसं काही नसतं, रक्त तिला आधी यकृताकडे नेतं. तिथं तिची तोडमोड होते, जे वाचतं ते पुढे फिरतं, आणि जे फिरतं त्यातलंही बहुतेक रक्तातल्या प्रथिनांना धरून नुसतं बसलेलं असतं. अतुलच्या गोळीचे शंभरातले सत्त्याण्णव कण असे बसून असतात. काम करतात ते तीन. कॉलेजात हे शिकले तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या घरात तेवढेही नाहीत, एकच आहे.

साडेदहाच्या सुमारास नवेगाव बांधचा शालीकराम आला. तलावावर मासेमारी करणारा म्हातारा, चार वर्षांपासून दम्याच्या गोळ्या आमच्याकडून नेतो, कारण त्याची मुलगी गोंदियात दिली आहे. त्यानं पिशवीतून अर्धी पट्टी काढून काउंटरवर ठेवली. "बाई, ह्या गोळ्या बदलवून द्या. नकली आल्या वाटते."

"नकली कशा असतील? तीच कंपनी आहे."

"मंग छाती काऊन धडधड करून राहिली? हात पाहा, कसे कापून राहिले. जाळं गुतून जाते बोटात. झोप म्हनून नाई."

मी विचारलं, दुसरी काही गोळी सुरू केली का, जास्त घेतली का. तो म्हणाला, "काई नाई बाप्पा. उलट बिडी सोडली ना मी. नातनीनं आन घातली. आता पंधरा रोज होतीन. चांगला होईन मनलो, तं उलटाच झालो."

मी त्याच्या हाताकडे पाहत राहिले. कापणारा हात. त्याच्या दोन बोटांवरचा पिवळा रंग. आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा तो वर्ग मला आठवला. आठवला म्हणजे कुणी मानगूट धरून त्यात नेऊन बसवल्यासारखं झालं. दुपारचा तास, पंखा बंद, आणि आमचे सर, ज्यांना सगळं धानाच्या गिरणीवरून सांगायची सवय होती, कारण अर्धा वर्ग गिरणीवाल्यांचा आणि अर्धा गिरणीतल्या हमालांचा. सर म्हणाले होते, यकृत म्हणजे राइस मिल. औषध म्हणजे धान. आता बिडीचा धूर आत आला की मालकाला वाटतं सीझन सुरू झाला, तो हमाल वाढवतो. हमाल धूर फोडायला ठेवलेले, पण ते समोर आलेलं धानही झपाझप फोडतात, म्हणून बिडीवाल्याला काही औषधं जास्त लागतात. आणि बिडी सुटली की? मी हात वर केला होता. हमालाची पोर होते, मला माहीत होतं. मी म्हणाले होते, सर, सीझन संपला की आठ दिवसांत हमालांना घरी पाठवतात. बरोबर, सर म्हणाले, पण धानाचे ट्रक तर तेवढेच येतात. मग? मग गेटवर थप्पी लागते. सर म्हणाले, शाबास, आणि सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं. त्यांनी फळ्यावर औषधांची नावं लिहिली होती. पहिलं दम्याचं. त्याच्याखाली दुसरं, तेव्हा नवीनच आलेलं, लांबलचक, मी वहीत दोनदा खोडून लिहिलेलं. क्लोझापिन.

सकाळच्या दोनशे मिलिग्रॅमच्या गोळ्या मी माझ्या हातानं त्याच्या जिभेवर ठेवल्या होत्या. काल रात्रीच्या चारशे. परवाच्या. बारा दिवस, जीभ वर करून पाहून, एकही चुकू न देता.

शालीकरामला मी गोळ्या बंद ठेवायला आणि आजच डॉक्टरला दाखवायला सांगितलं, बिडी सोडली हे आधी सांगा म्हणाले. "बिडीचं काय सांगाचं त्यायले?" तो म्हणाला. "सांगा," मी ओरडले, इतक्या जोरात की तो मागे सरकला. मुन्नालालजी नाश्ता करून येतच होते. "क्या हुआ मॅडम?" मी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. स्कूटी चालवताना मला सारखं एकच दिसत होतं, गेटवर ट्रक लागलेले, पोती उतरून पडलेली, आणि आत कुणीच नाही.

घराचं दार उघडं होतं. वच्छलाकाकू अतुलच्या बाजेजवळ बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात पेटलेली बिडी होती. "लय हालवलं वो, उठतच नाई," त्या घाबरून म्हणाल्या. "मनलं दोन झुरके देऊन पाहावं, जराक हुशार होईन. पन कसा तं पाहा, डोळे नाई उघडत, पन बिडी नेली का तोंड आवळून घेते पोरगा." त्यांनी मला करून दाखवलं. बिडी ओठांजवळ नेताच अतुलचे सैल पडलेले, लाळेनं ओले ओठ घट्ट मिटले. जबडा ताठ झाला. डोळे बंदच. मी काकूंच्या हातातली बिडी घेतली आणि भिंतीवर विझवली. एका बिडीनं आता काही होणार नव्हतं. हमाल एका हाकेत परत येत नसतात. तरी खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात आलं होतं, की ओढ रे, ओढ, चाळीस ओढ, पण उठ.

ऑटोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दर दोन-तीन मिनिटांनी त्याचा हात उडायचा आणि माझ्या हनुवटीला लागायचा. फाटक लागलेलं होतं, मालगाडी संपता संपत नव्हती, आणि मी डबे मोजायला लागले कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, मुलगाच म्हणायचा. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली, छातीवर मुठीनं दाबलं, अतुल कण्हला. सलाईन लावता लावता तो विचारत होता, नवीन काही औषध? ताप? खोकला? गोळ्या जास्त खाल्ल्या का? मी फाइल दिली. तो पानं उलटत गेला. "डोस तोच आहे, रक्ताचे रिपोर्ट ठीक. स्मोकिंग पण नाही..." प्रत्येक पानावर तो रकाना होता, आणि प्रत्येक पानावर तोच शब्द. पुढची पानं मॅडमच्या मदतनीस मुलीनं मागच्या पानावरून उतरवलेली. "ओढत होता," मी म्हणाले. "दिवसाला चाळीस. बारा दिवसांपूर्वी सोडली." त्यानं मान वर केली. "पण इथं तर..." "ते मी सांगितलेलं आहे. खोटं आहे."

त्यानं तिथूनच नागपूरला फोन लावला, बोलला, आणि मग फोन माझ्याकडे दिला. मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, अल्का. तुम्ही माझ्यावर रागावला होता." मी हो म्हणाले. "मला कळलं असतं, तर बिडी सुटली त्याच दिवशी मी गोळी कमी केली असती. इतकंच करायचं होतं." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता रडू नका," त्या म्हणाल्या, "आज गोळी द्यायची नाही. उद्या रात्री मी डोस सांगते." मला रडू येतही नव्हतं. मला फक्त त्या फरशीवर झोपून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाजूच्या स्टुलावर पेंगत होते तेव्हा त्यानं माझ्या ओढणीला हात लावला. "ताई." जीभ अजून जड होती. "मी मधात ओढलो का?"

"नाही."

"खरं सांग. धुराचा वास आलता मले."

"वच्छलाकाकूंनी पेटवली होती. तू तोंडच उघडलं नाहीस."

त्यानं विचार केला. मग बोटं वर केली. आधी दोन्ही हातांची, मग पाच, आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे का म्हणून. पंधरा. बरोबर होतं.

थोड्या वेळानं त्याला वॉर्डात हलवलं. तिथं सिस्टर नवा कागद घेऊन आली. नाव, वय, गाव. अतुल प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे पाहत होता, आणि मी उत्तर देत होते. सतरा वर्षं असंच चालत आलं आहे. "व्यसन?" सिस्टरनं विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझी जीभ त्या शब्दासाठी उचललीही गेली होती. मी ओठ मिटून घेतले, आणि ते मिटून ठेवायला किती जोर लागतो ते मला त्या वेळी कळलं.

"होतं," अतुल म्हणाला.

सिस्टरचं पेन थांबलं. "कशाचं?"

"बिडीचं. आई वळत होती." मग त्यानं चादरीतून उजवा हात काढला आणि ती दोन पिवळी बोटं तिला नीट दिसतील अशी कागदाजवळ धरली. या वेळी ती कुणी घासलेली नव्हती.